केतूच्या नावापुढचे शब्द

४ जानेवारी

सकाळी कुरिअर. केतकीने बंगळूरहून आयफोन पाठवलाय. मी मागितला नव्हता. खोका एवढा गुळगुळीत की उघडायला नख कुठे घालायचं तेच कळेना. तसाच कपाटात ठेवला, साड्यांच्या घडीवर.

दुपारी लेकीचा फोन. "मिळाला?" "मिळाला." "चालू केलास?" "करते." "आई, संक्रांतीच्या आत चालू झाला पाहिजे. त्या जुन्याची बॅटरी फुगलीय. हातात फुटेल एखाद्या दिवशी."

खरं आहे तिचं. जुना अँड्रॉइड पाठीकडून फुगलाय. कव्हर बसत नाही म्हणून रबर लावलंय. पडद्यावर उभी हिरवी रेघ. बोलता बोलता मध्येच बंद पडतो. पण तो ह्यांचा. एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील हे जाऊन. माझा बटणांचा फोन त्याच महिन्यात बिघडला, म्हणून माझं सिम ह्यांच्या फोनात घातलं. तात्पुरतं म्हणून. ते तसंच राहिलं.

सुरुवातीला दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं वाटायचं. आता नाही वाटत.

६ जानेवारी

रामआळीत इम्तियाजभाईंकडे गेले. आमचा रेडिओ, टेपरेकॉर्डर, मिक्सर, सगळं त्यांनीच दुरुस्त केलेलं. आता दुकानात नुसते मोबाईल. डोळ्याला भिंग मात्र तेच जुनं.

फोन हातात घेतला नि भुवया वर. "वहिनी, हा असा वापरताय? उशाशी ठेवू नका. ह्याची बॅटरी आता सहज मिळत नाही, मागवून बघतो. आली तर आली. पण मुलीनं आयफोन दिलाय ना? मग ह्यात कशाला जीव अडकवता?"

विचारलं, ह्यातलं सगळं त्यात जातं का. म्हणाले, "फोटो जातात, नंबर जातात. मेसेजही जातात, नीट बसून केलं तर. एक नाही जात. कीबोर्ड शिकलेला असतो, तो."

"शिकलेला म्हणजे?"

त्यांनी माझ्या फोनवर टाइप केलं, 'आज'. अक्षरांच्या वर तीन शब्द आले. मधल्यावर बोट ठेवलं. 'बांगडे'. पुन्हा मधल्यावर. 'झकास'. मग 'मिळाले'.

इम्तियाजभाई हसायला लागले. "हे तर साहेबच बोलले!" मग फोन काचेवर ठेवला, माझ्याकडे सरकवला. गिऱ्हाईक नव्हतं तरी उठून कपाटात काहीतरी शोधत बसले.

आज बांगडे झकास मिळाले. रोज सकाळी बाजारातून येताना बोटीवरच्या जुन्या दोस्तांना हे एवढंच कळवायचे. एक पोरबंदरला, एक मालवणला, एक कुठे तो…

७ जानेवारी

दुपारभर तेच. मला टाइप करायची सवय नाही, हेच बरं झालं. मी कुणालाही बोलूनच निरोप पाठवते, फार तर 'हो', 'ठीक'. माझी बोटं फोनला कळतच नाहीत. मिरजोळ्याला कोळंबीच्या कारखान्यात एकवीस वर्षं बर्फाच्या पाण्यात हात. बोटांवरच्या रेघाच गेल्या. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, तिथला माणूस दर महिन्याला म्हणतो, पुसून लावा काकी. काय पुसू.

तर त्या फोनात शब्द आहेत ते सगळे ह्यांचे. एकेक लिहून बघितलं.

'हवा' लिहिलं तर 'दक्षिणेची'.
'इंजिन' लिहिलं तर 'गरम'.
'शालू' (माझी नणंद, नाटे गावची) लिहिलं तर 'पेडवे पाठव'. मासळीच.
'गुडघा' लिहिलं तर 'तसाच'. मला रोज सांगायचे बरा आहे म्हणून!

'मंगल' लिहिलं. पुढे काहीच नाही. देवाचं काहीतरी आलं, मंगलमूर्ती. सगळ्या दुनियेला निरोप, आणि माझ्या नावापुढे रिकामं. थोडा वेळ वाईट वाटलं. मग वाटलं, एकाच घरातल्या माणसाला कोण लिहितं.

८ जानेवारी

पूर्वी लिहायचे की. बोटीवर फिटर होते बावीस वर्षं. आधी पत्रं यायची, निळी, पातळ. कागदाला तेलाचा वास. बंदराचं नाव वाचता यायचं नाही, मी केतकीला सांगायची, लांब आहे बाबा, खूप लांब. ती विचारायची, भाट्याच्या किनाऱ्यापलीकडे? हो, भाट्याच्या पलीकडे.

मग कॅसेटी. केबिनमध्ये बसून बोलायचे, मागे इंजिनाची घरघर. गंमत म्हणजे प्रश्न विचारून थांबायचे. "केतू, शाळेत कोण मैत्रीण झाली?" आणि मग टेपमध्ये नुसती घरघर, पाच-सहा श्वास. केतकी टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसलेली, त्या जागेत पटकन उत्तर द्यायची. "रेश्मा!" मग हे म्हणायचे, "अस्सं." तिला वाटायचं ऐकलं त्यांनी. सहा वर्षांची होती. आठवीत गेल्यावर नाही बसायची समोर. कॅसेट आली की सायकल घेऊन बाहेर.

मग तिची उत्तरं मी लिहायची. पत्रात, तिच्या अक्षरासारखं अक्षर काढून. बाबा मला गणितात ऐंशी. बाबा लवकर या. आणि हे घरी आले की तिला सांगायचं, बाबा बोटीवर सारखी तुझी आठवण काढतात. त्या माणसाने तसं कधी म्हटलेलं नसायचं.

एकीकडून दुसरीकडे मी नुसती वाहतूक केली. मधे थोडी साखर घालून.

१० जानेवारी

आज लिहावं की नको… लिहिते.

दुपारी जेवून पडवीत बसले होते. टाइप केलं 'केतू'. ह्याआधी कधी केलं नव्हतं, मी तिला फोनच करते. आणि 'केतू' हे नाव ह्यांचंच, मी केतकी म्हणते.

'केतू' च्या पुढे मधे आलं 'माझं'.
दाबलं. 'चुकलं'.
दाबलं. 'पण'.
दाबलं. 'तू'.
त्यापुढे 'आहे', 'आणि', असे कसलेही शब्द. कुणाचेच नव्हेत असे.

सगळं पुसलं. पुन्हा 'केतू'. पुन्हा तेच. फोन गरम झाला नि बंद पडला. चालू होईपर्यंत पदराने वारा घालत बसले.

असा निरोप केतकीला कधी गेलेला नाही. मला ठाऊक आहे. तिच्या नावावर ह्या फोनातून एक अक्षर गेलेलं नाही. म्हणजे लिहिलं आणि पुसलं. एकदा नाही. एकदा लिहिलेलं कशाला शिकेल तो फोन.

'पण तू' मी मनातून गाळून टाकलं.

११ जानेवारी

झोप झाली नाही नीट. सहा वर्षं मागे गेले.

केतकीचं लग्न ह्यांनी ठरवलेलं. बोटीवरच्या दोस्ताचा मुलगा, डोंबिवलीला. चौदा महिन्यांनी एका सकाळी ती एक बॅग घेऊन आली. डाव्या कानाखाली निळं पडलेलं, ओढणी वर घेतलेली. हे पडवीत उभे. "आलीस तशी परत जा. मी शब्द दिलाय त्यांना." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा ऐकून तरी घ्या." हे म्हणाले, "ऐकायचं काय त्यात."

मी दारात चहाचा कप घेऊन उभी. हातात कप, आणि तोंडात काही नाही. ती माझ्याकडे बघत होती. ह्यांच्याकडे नव्हतीच बघत. माझ्याकडे.

चहा न घेता गेली. डोंबिवलीला नाही गेली, बंगळूरला मैत्रिणीकडे गेली. नोकरी धरली, सुटका करून घेतली. सगळं एकटीने. हे गेले तेव्हा आली, तेरा दिवस राहिली, नंतर नाही आली. फोन रोज करते. घरी ये म्हटलं की रजा नाही म्हणते.

आणि मधली चार वर्षं मी तिला दर रविवारी सांगायची, बाबा विचारत होते तुझं. ह्यांना सांगायची, केतकी विचारत होती तुमचं. दोघंही म्हणायची, हं.

संध्याकाळी इम्तियाजभाईंना फोन करून विचारलं, लिहून पुसलेलं शिकतो का हा? म्हणाले, "शिकतो पुष्कळदा. पण वहिनी, काही शब्द त्यात तयारही येतात. मी शपथ नाही घेणार." मग हळूच, "बॅटरी सांगून ठेवलीय."

१४ जानेवारी, संक्रांत

नाट्याला गेले, एसटीने. तिळगूळ घेऊन. शालूवन्स जेटीवरच भेटल्या, होडीतून आलेली मासळी बघत होत्या. वय पंचाहत्तर, आवाज तसाच खणखणीत.

जेवल्यावर विचारलं. ह्यांनी कधी केतकीबद्दल काही…

"काय बोलायचा नाय तो. बोटीवर राहून राहून बोलायचं इसरलेला." मग विड्याचं पान पुसता पुसता म्हणाल्या, "पण वैनी, शेवटच्या शिमग्याला आला होता ना, तवा दुपारभर त्या जेटीवर बसलेला. फोन घेऊन. एका बोटान टुकटुक, टुकटुक. मी बोलावायला गेलो जेवायला. इचारलं, कोणाला लिवतोस रे दादा? तर सांगतो, कोणाला नाय."

"मग?"

"मग काय. जेवला. सांजच्याला परत तिथंच."

शिमग्यानंतर बारा-तेरा दिवसांतच हे गेले. मासळीची पिशवी हातात घेऊन बाजारातून येत होते. लोकांनी बाकावर बसवलं तोवर संपलं होतं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. डोंगरावर आंब्याला मोहर चांगला धरलाय. फोन पर्समध्ये, आणि पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरून. जसं काही त्यातून सांडणार होतं.

१७ जानेवारी

केतकी चिडली. संक्रांत गेली तरी फोन खोक्यातच. "आई, हा हट्ट झाला नुसता. तू घरात एकटी. रात्री-बेरात्री काही झालं आणि तो फोन बंद असला तर मी इथून काय करायचं? सांग ना." आवाज फुटला तिचा शेवटी. मला वाटत होतं तिला नव्या फोनचं कौतुक. ती घाबरलेली आहे. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही.

म्हटलं, "त्यात ह्यांचं सगळं आहे गं."

"फोटो मी घेऊन ठेवलेत सगळे."

सांगावंसं वाटलं. जिभेपर्यंत आलं. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. म्हटलं, तू ये. तू आलीस की तुझ्या हातानेच चालू करू.

मला वाटलं पुन्हा बंद पडला. मग म्हणाली, "सव्वीसला जोडून सुट्टी आहे."

२१ जानेवारी

दोनदा बंद पडला. पाठ आणखी वर आलीय. इम्तियाजभाई म्हणतात, चार्जिंगला लावून समोर बसून राहा, लक्ष ठेवा. तशी बसते.

रोज दुपारी एकदा 'केतू' लिहून बघते. आहे का अजून. आहे.

माळ्यावरची गादी उन्हात टाकली. कुळीथ पीठ आणलं. केतकीला कुळथाची पिठी आवडायची, अजून आवडते की नाही माहीत नाही. तिथे काय जेवते ते कधी विचारलंच नाही. जेवलीस का एवढंच विचारते.

२४ जानेवारी

आली. स्टेशनवरून रिक्षाने. केस कापलेत खांद्यापर्यंत, बारीक झालीय. फाटकाशी थोडी थांबली. पडवीत न बसता थेट स्वयंपाकघरात आली, तिथे पाटावर बसली, लहानपणी बसायची तशी.

पिठी-भात दोनदा घेतला.

मग लगेच खोका काढला. नवं सिम घेऊन आली होती, स्वतःच्या नावावर. "तुझा जुना नंबर राहू दे त्यात तूर्त. आधी ह्यावर हात बसू दे, मग नंबर इकडे आणू." तासभर काहीतरी करत होती. मग फोन माझ्या तोंडासमोर धरला. "मान फिरव. हळू. दुसरीकडे." आणि उघडला! मी नुसतं बघितलं की उघडतो. बोट विचारत नाही. मला एवढं हसू आलं, कारखाना सोडल्यापासून पहिल्यांदा कुठल्या यंत्राने मला एका फटक्यात ओळखलं. तीही हसली. तिचा उजवा दात थोडा पुढे आहे तो दिसला. ह्यांचा तसाच.

आज नाही सांगितलं. दिवस चांगला गेला तेवढा जाऊ दे.

२५ जानेवारी

सांगितलं. नको तसं सांगितलं.

सकाळी ती जुना फोन हातात घेऊन म्हणाली, हा आता इम्तियाजकाकांकडे देऊन टाकू, ते नीट निकालात काढतील. आणि मी एकदम, "नको, त्यात तुझ्या बाबांनी तुझी माफी मागितलीय."

तिने फोन खाली ठेवला.

सगळं सांगितलं. कीबोर्ड, इम्तियाजभाई, जेटी, शालूवन्स. म्हटलं, 'केतू माझं चुकलं' असं येतं. स्वतः बघ. तिने नाही बघितलं. माझ्याकडे बघत राहिली, तशीच, त्या दिवशीसारखी.

"आई, हे तू लिहिलंस?"

"मी कशाला लिहीन?"

"माझी पत्रं कोण लिहायचं? 'बाबा लवकर या'? मी दहावीत असताना ती पत्रं सापडली होती मला त्यांच्या बोटीच्या पेटीत. माझं अक्षर, आणि मी लिहिलेलंच नाही. रविवारी रविवारी 'बाबा विचारत होते'. तुला वाटायचं मला खरं वाटतं?"

मी म्हटलं, "ते वेगळं. हे खरं आहे."

"रोज दाबून बघतेस ना तो शब्द? पंधरा दिवस? मग आता त्यात कोण उरलंय, बाबा की तू? ते यंत्र आहे आई. तू जे दाबशील ते शिकतं." मग जरा खालच्या आवाजात, "त्यांच्याकडे माझा नंबर होता. चार वर्षं होता."



ती मागच्या दारी जाऊन माडाखाली उभी राहिली. मी भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं खरंच, की मी बघता बघता ते पुसत होते. प्रत्येक वेळी माझं बोट. माझं, रेघा नसलेलं.

जेवून लगेच उठली. ताट मात्र धुऊन ठेवलं, माझंही.

२६ जानेवारी

सकाळी शाळेतल्या मुलांची प्रभातफेरी दारावरून गेली. ती गेल्यावर केतकी म्हणाली, "भाट्याला जाऊन येते." जुना फोन टेबलावर होता. तिने उचलला. "हा नेते." रबर नीट केलं नि गेली.

अकराला गेली. बारा वाजले, एक वाजला. माझ्याकडे नवा फोन होता, लावला नाही. दीड वाजता मीच रिक्षा करून गेले.

सुरूच्या झाडांपाशी बसलेली दिसली. चपला बाजूला. मला बघून सरकली, शेजारी जागा केली. मी बसले. भरती होती. पाण्यात कुणी नाही, एक माणूस लांबवर गळ टाकून उभा.

मग म्हणाली, "तू 'माझं चुकलं' एवढंच सांगितलंस."

"हो."

"पुढे 'पण तू' आहे."

मी वाळू बघत राहिले.

"ते का नाही सांगितलंस?"

"कशाला सांगायचं ते. कडू लागतं."

ती हसली. खरंच हसली, आणि डोळे भरलेले. "आई, तू लिहिलं असतंस ना, तर त्यात 'पण' ठेवलंच नसतंस. कधीच नाही. हे बाबांचंच आहे. माफी मागतानाही भांडत होते."

मग रडली. मी पाठीवर हात ठेवला. तिने काढला नाही. पण टेकलीही नाही. मला वाटलं होतं हे शब्द कळले की ती माझ्या कुशीत येईल. तसं झालं नाही. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, उभी राहिली, ओढणीची वाळू झटकली.

"'पण तू' काय, ते मला कधी कळणार नाही," म्हणाली. "पण तू सांगायचं होतंस. पण तू माझं ऐकलं नाहीस. पण तू परत का नाही आलीस."

चालता चालता माझ्याकडे न बघता, "तू काय म्हणाली असतीस आई? त्या दिवशी?"

रिक्षा समोरच उभी होती. रिक्षावाला म्हणाला, "बसा काकी." बसले. उत्तर दिलं नाही.

२७ जानेवारी

दुपारच्या गाडीने गेली. डबा दिला, पिठाची पिशवी दिली. फलाटावर म्हणाली, "जुना फोन ठेव. मोडीत नको काढू. पण चार्जिंगला लावून झोपू नकोस. तेवढं ऐक." गाडी सुटताना हात हलवला. गाडी बोगद्याकडे वळेपर्यंत मी बघत होते.

तिने सांगितलं नाही की मी कुठला वापरायचा. माझ्यावर सोडलंय.

२९ जानेवारी

इम्तियाजभाईंचा निरोप. बॅटरी मिळालीय, पण जुन्या साठ्यातली. "घालून देतो वहिनी. चालेल वर्ष, चालेल महिना. उघडताना पडदा गेला तर मात्र माझ्या हातात नाही. उघडायचा का, तुम्ही सांगा."

सांगते म्हटलं.

आता टेबलावर दोन आहेत. जुन्यावर गावातल्या बायकांचे फोन येतात, गॅसवाला, शालूवन्स. नव्यावर फक्त केतकी. सकाळी त्यात तिचा चेहरा स्वच्छ दिसतो, मागे तिच्या खिडकीतली कुंडी, त्यातली मिरची. जुन्यात हे कधी दिसलं नव्हतं, सगळं हिरव्या रेघेआड. मिरचीला फूल आलंय म्हणाली. दहा मिनिटं मिरचीवर बोललो. सहा वर्षांत एवढं बिनकामाचं बोललो नव्हतो.

जुन्यात 'केतू' लिहून बघायचं बंद केलंय. आहे तेवढं राहू दे.

१ फेब्रुवारी

आज रविवार. सकाळपासून तिचा तो प्रश्न. तू काय म्हणाली असतीस.

बोलून पाठवणार होते निरोप. तीनदा सुरुवात केली, तीनदा पुसून टाकला. मग म्हटलं लिहावं. जुना घेतला हातात, सवयीने. आणि ठेवून दिला. त्यातून काही लिहिलं तर ती पुन्हा विचारील, हे कुणाचं. मलाही नीट सांगता यायचं नाही.

नवा घेतला. बघितलं, उघडला. ह्याला अजून कुणी काही शिकवलेलं नाही. 'केतकी' लिहिलं तर खाली लाल रेघ मारली, असा शब्दच नाही म्हणे. बोट दोन-दोनदा लावावं लागतं. एकेक अक्षर शोधून काढलं. पाऊण तास लागला एवढ्याला:

केतकी मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. तू माझ्याकडे बघत होतीस. मी आत घ्यायला हवं होतं तुला. माझं चुकलं.

वाचलं. दुरुस्त करावंसं वाटलं. ह्यांचा स्वभाव, मी बाहेरची नोकरी करून दमलेली, तुझ्या काळजीपोटीच… सगळं सुचत होतं. काही घातलं नाही. पाठवलं.

आता साडेअकरा. दोन टिका आल्यात. निळ्या नाही झाल्या अजून. रविवारी ती उशिरा उठते.

इम्तियाजभाईंना दुपारी कळवायचंय, जुना उघडायचा की नाही. भात लावते तोवर.